वाईत घर करायचं म्हणजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मध्यंतरी माझ्या एका शाळासोबत्याचा फोन आला. बँकेतली नोकरी संपलेली, मुलं आपापल्या गावी, आणि शहरातल्या गर्दीला नवराबायको दोघंही विटलेली. म्हणाला, "तू इतिहास शिकवलास ना आयुष्यभर? मग एखादं जुनं, देखणं गाव सुचव. भाजी आणायला, देवळात जायला, पुस्तक बदलायला गाडी काढावी लागू नये. उरलेली वर्षं तिथं काढू."

मी क्षणाचाही विचार न करता "वाई" म्हणून मोकळा झालो.

फोन ठेवला आणि मग मनाला रुखरुख लागली. सांगायला सोपं होतं. वाई सगळ्यांनाच आवडते. पाचगणी-महाबळेश्वरला जाताना लोक तासभर थांबतात, ढोल्या गणपतीला नमस्कार करतात, घाटावर फोटो काढतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. पण तासभर आवडणं वेगळं आणि तिथं बिऱ्हाड मांडणं वेगळं. हे गाव पायी फिरण्याजोगं झालं ते आपोआप झालेलं नाही. निरनिराळ्या काळात काही माणसांनी हे गाव राहण्यासाठी निवडलं, आणि प्रत्येकाची कारणं निराळी होती. मित्राला ती सांगायची राहून गेली, म्हणून आज तुमच्यापुढे मांडतो.

वाई पुण्यापासून साधारण ९० किलोमीटरवर. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा खाली उतरते, आणि तिला पहिलं मोठं गाव लागतं ते हे. आजूबाजूला पांडवगड, वैराटगड असे किल्ले. जमीन काळी, पाण्याला तोटा नाही, इथली हळद नावाजलेली. एवढं सगळं असूनही सतराव्या शतकात शांतपणे राहण्याचं गाव म्हणून कुणी वाईकडे पाहिलं नसतं. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांच्या तोंडाशी असलेलं हे आदिलशाहीचं ठाणं होतं. अफजलखानाकडे वाईचा सुभा होता, आणि १६५९ साली प्रतापगडच्या पायथ्याशी जाण्याआधी त्याचा तळ इथंच पडला होता. पुढे १६८७ साली सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले ते वाईजवळच्याच लढाईत. ज्या गावावरून फौजा जातात त्या गावात शहाणा माणूस फार मोठं घर बांधत नाही. बांधलं तरी त्याला नक्षीचे खांब लावत बसत नाही.

आज आपण जी वाई बघायला जातो ती पुढच्या शतकातली, म्हणजे शाहू महाराज साताऱ्यात स्थिरावल्यानंतरची. साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे आणि या दोन्ही गावांच्या मधे वाई. दोन्हीकडची कामं उरकता येतील आणि दोन्हीकडच्या कटकटींपासून थोडं लांबही राहता येईल, अशी ही जागा. रास्त्यांनी नेमकं हेच हेरलं असावं असं मला वाटतं.

रास्ते मूळचे गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि या सावकारी घराण्याचं नशीब पालटलं. पुण्यातली रास्ता पेठ याच घराण्याच्या नावाची. पण पैसा पुण्यात मिळाला तरी देवळं आणि घाट बांधायला ही मंडळी वाईला आली. आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ढोल्या गणपतीचं. ही दुसरी तारीख मी दरवेळी थांबून वाचतो. पानिपत १७६१ सालचं. मराठी मुलखात घरोघर सुतक आहे, पेशवा गेलेला आहे, आणि त्याच्या पुढच्याच साली कृष्णेच्या काठी हे देऊळ उभं राहतं आहे.

आणि देऊळ उभं केलंय कुठं? पुराच्या अगदी वाटेत. इथं थोडा वेळ थांबायला हवं, कारण वाईचं शहाणपण या एका भिंतीत दिसतं. पुढून पाहिलं तर साधं, दणकट दगडी देऊळ. मागे गेलात तर दिसतं की भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकाराची निमुळती होत गेलेली आहे. नदीला पूर आला की पाणी त्या टोकावर येऊन दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीला अडवायचं नाही, तिला वाट करून द्यायची, पण आपण मात्र जागा सोडायची नाही. आजही मोठ्या पावसात गाभाऱ्यात पाणी शिरतं. ओसरलं की लोक गाळ काढतात, फरशी धुतात, पूजा सुरू होते. अडीचशे वर्षांहून अधिक काळ हे असंच चाललं आहे.

घाटांचंही तसंच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड – नावं आळ्यांची, आणि तीच घाटांची. प्रत्येक आळीला आपला घाट, आपली देवळं. मित्राला हवं असलेलं पायी चालण्याचं सुख इथून आलं. ज्या गावात पाणी, देव, बाजार आणि सोयरेधायरे हाकेच्या अंतरावर असावे लागत, ते गाव पायांच्या मापानंच बांधलं जाणार. आपण ज्याला आज नगररचना म्हणतो तिचा कुणी नकाशा काढला नव्हता. डोक्यावर हंडा घेऊन बाईला किती चढ चढवेल, यावरून पायऱ्यांची उंची ठरत होती.

मात्र ही आळ्यांची नावं नुसती गोड म्हणून वाचू नका. ब्राह्मणशाही हे नाव बोलकं आहे. त्या काळात कोण कुठल्या आळीत राहणार, कोण कुठल्या घाटावर उतरणार, हे जातीनं ठरवलेलं होतं. चालायला सोपं गाव सगळ्यांनाच चालायला मोकळं नव्हतं. जुन्या गावांच्या प्रेमात पडणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं ध्यानात ठेवूनच त्या फरशीवर पाऊल टाकावं.

आळ्यांना एकत्र बांधणारी एक गोष्ट मात्र वाईत आहे, ती म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव. माघ-फाल्गुनात नदीचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो. एका आळीचे दिवस संपले की देवी पुढच्या आळीत. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसाशी लोक त्याचा संबंध जोडतात. त्या निमित्तानं दुसऱ्या आळीतल्या माणसाला आपल्या आळीत यावं लागतं, आपल्याला त्याच्याकडे जावं लागतं. गाव लहान असलं म्हणून माणसं एकमेकांकडे जातातच असं नाही. तशी सवय लावावी लागते.

आता नाना फडणवीस. यांनी वाई निवडली, पण वाईत घर केलं नाही. तीनेक किलोमीटर वर, मेणवलीला केलं. औंधच्या प्रतिनिधींकडून १७६८ साली हे गाव त्यांना इनाम मिळालं, आणि तिथं सहा चौकांचा वाडा, मागे घाट आणि घाटावर देवळं उभी राहिली. नानांना अशा घराची ओढ का वाटली असावी? विशीच्या आतला हा तरुण आई आणि बायकोला घेऊन पानिपतावर गेला होता. पळापळीत स्वतः वाचला, बायको परत मिळाली, आई गेली. त्यानं स्वतःच या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. असा माणूस पुढे घर बांधतो तेव्हा भिंती जाड असतात, दरवाजा भक्कम असतो आणि पाठीशी वाहतं पाणी असतं. हा माझा अंदाज, पुराव्यानं सिद्ध करता येणारा नाही. पण घर उपयोगी पडलं खरं. १७९६ साली पुण्यातलं राजकारण अंगावर आलं तेव्हा नाना वाईकडे आले. तिथंही निभाव लागेना म्हटल्यावर घाट उतरून महाडला गेले. नानांच्या मागे त्यांची तरुण विधवा जिऊबाई पुढे मेणवलीत राहिली. आणि वाड्यानं आणखी एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे कागद. मेणवली दफ्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना जे ठाऊक आहे ते याच घरातलं. रावबहादूर पारसनिसांसारख्यांनी ते कागद उजेडात आणले नसते तर पेशवाईच्या अखेरच्या काळाबद्दल आपण बरंच चाचपडत राहिलो असतो.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या घंटांपैकी ती एक. शंकराच्या देवळाशी ती अशी टांगलेली आहे की जणू तिथंच घडवली होती. आता मेणवली प्रसिद्ध झाली ती चित्रपटांमुळे. 'स्वदेस' हा २००४ सालचा चित्रपट इथं चित्रित झाला. परदेशात स्थिरावलेला माणूस खेड्यात येतो आणि अखेर तिथंच राहायचं ठरवतो, अशी ती गोष्ट. पडद्यावर ते गाव उत्तर प्रदेशातलं आहे. चित्रपट पाहून कितीतरी लोक मेणवलीला आले, पण राहायला कुणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पेशवाई बुडाली आणि वाईचं दोन्हीकडचं महत्त्व गेलं. पुण्यात सत्ता नाही, साताऱ्याचं राज्यही पुढे १८४८ साली खालसा झालं. अशी कितीतरी गावं त्यानंतर नुसती पडक्या वाड्यांची झाली. वाई वाचली ती विद्येमुळे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी इथं प्राज्ञ पाठशाळा चालवली. संस्कृत शास्त्रं शिकवायची, पण नव्या जगाकडे पाठ फिरवून नव्हे, असा त्यांचा बाणा. १९१७च्या सुमारास विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन आले ते या पाठशाळेत. इथं वेदान्ताचा अभ्यास केला आणि मग किल्ले बघत, गीतेवर बोलत महाराष्ट्रात पायी हिंडले.

त्याआधी दोन-तीन वर्षं खानदेशातल्या पिंपळनेरहून एक मुलगा शिकायला आला होता. वय तेरा-चौदा. शिकून परत जायचं, असंच घरच्यांनी धरलं असणार. तो परत गेला नाही. तेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९३२ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे मांडण्यासाठी जे पंडित उभे राहिले त्यांत लक्ष्मणशास्त्री होते. ब्राह्मणशाही नावाची आळी असलेल्या गावात राहून त्यांनी हे केलं, हे विसरू नये.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. साहित्य संस्कृती मंडळाचं अध्यक्षपद तर्कतीर्थांकडे आलं आणि मराठी विश्वकोशाचं कामही. आता विश्वकोशासारखं काम म्हटल्यावर ते मुंबईत किंवा पुण्यात व्हायचं. विद्यापीठं तिथं, ग्रंथालयं तिथं, मंत्रालय तिथं. पण तर्कतीर्थ वाईत राहत होते, आणि विश्वकोश वाईत आला. मुख्य नोंदींचा पहिला खंड निघाला १९७६ साली, आणि शेवटचा, विसावा, २०१५ साली. एका तालुक्याच्या गावात बसून माणसांनी अणुभौतिकीपासून अभंगापर्यंतच्या नोंदी तपासल्या. कोशाच्या छपाईसाठी छापखानाही वाईतच उभा राहिला. पदार्थविज्ञानाचा पदवीधर, संस्कृतचा पंडित आणि मुद्रितशोधक एकाच आळीत भाड्यानं राहू लागले. रास्त्यांनंतर गावाला एवढी नवी माणसं कुणी दिली असतील तर ती विश्वकोशानं.

मी स्वतः वाईत पहिल्यांदा मुक्काम केला तो १९८४ साली, काही नोंदींच्या निमित्तानं. आठ दिवस. मधल्या आळीतल्या एका वाड्यात माडीवरची खोली मिळाली होती. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "जेवायचं कुठं?" मी म्हटलं, बघतो एखादी खानावळ. "बघायचं काय त्यात? खाली या साडेसातला." त्या आठ दिवसांत मी एकदाही वाहनात बसलो नाही. सकाळी घाटावर, मग कार्यालयात, दुपारी जेवायला वाड्यात, पुन्हा कार्यालयात. वाटेत भेटलेला माणूस कालची चर्चा तिथूनच पुढे सुरू करायचा. एका नोंदीतल्या सनावळीचा घोळ मी चक्क गणपती आळीत उभ्या उभ्या सोडवला, तोही एका निवृत्त शिक्षकाच्या मदतीनं. ते दूध घेऊन घरी चालले होते. मित्राला मी "वाई" म्हणून बसलो ते या आठ दिवसांच्या भरवशावर.

पण १९८४ला आता पुष्कळ वर्षं झाली. धोमच्या धरणानं नदीचं वागणं बदललं आहे. उन्हाळ्यात घाटाशी पाणी असलं तर असतं, आणि असलं तरी ओंजळीत घ्यावं असं दरवेळी नसतं. गावातली काही मंडळी स्वतः उतरून पात्र साफ करतात, म्हणून बरं. ब्रिटिश काळातला जुना दगडी पूल काही वर्षांपूर्वी पाडला आणि नवा बांधला. लोकवस्ती २०११च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार होती. गाव वाढलं ते मात्र बाहेरच्या बाजूंनी, प्लॉट पाडून. तिथून डोंगर सुरेख दिसतात. फक्त भाजी आणायला गाडी काढावी लागते.

आणि आत, आळ्यांमध्ये वाडे रिकामे होत आहेत. यात कुणा एकाचा दोष नाही. एका वाड्याला चौथ्या पिढीत चौदा वारस, त्यातले तिघं परदेशात. जुन्या भाडेकरूचं भाडं इतकं कमी की कौलंसुद्धा शाकारता येत नाहीत. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला जागा सोडवत नाही आणि पावसाळा दोघांचीही वाट बघत थांबत नाही. एके वर्षी आढं खचतं, मग भिंत फुगते, मग नोटीस येते. काकूंच्या वाड्याचा पुढचा सोपा आता नाही. मी गेलो तेव्हा तिथं मोटारसायकली लावलेल्या होत्या.

हे सगळं मी मित्राला दुसऱ्या फोनवर सांगितलं. म्हटलं, वाईत राहायचं असेल तर आळीत राहा, नाहीतर जिथं आहेस तिथंच बरा. डोंगर बघायला प्लॉट घेणारे पुष्कळ आहेत. गावाला हवा आहे तो संध्याकाळी माडीवर दिवा लावणारा माणूस. तो गप्प राहिला. मग फोन वहिनींनी घेतला. म्हणाल्या, "भावजी, गाव चालायला चांगलं आहे हो. पण माझे गुडघे चालणार आहेत का? त्या घाटाच्या पायऱ्या तुम्ही तरुणपणी पाहिल्यात."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पायांच्या मापानं बांधलेलं गाव म्हातारपणी पायांचीच परीक्षा घेतं, हे मला सुचायला हवं होतं. जुन्या काळी घरात माणसं होती, पाणी वर आणून देणारी, औषध आणून देणारी. आता घरात दोघंच.

तरीही दोघं वाईला जाऊन आली, एकदा नव्हे, तीनदा. एकदा मुद्दाम भर पावसात. शेवटी गंगापुरीत एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या अकरा महिन्यांच्या करारानं घेतल्या. विकत नाही, कारण वारसांचं अजून एकमत नाही. उद्या वाडा विकला गेला तर ही दोघं पुन्हा रस्त्यावर, आणि वाडा बहुधा जमिनीवर. मित्र म्हणतो, अकरा महिने तर अकरा महिने. मालकांच्या पुण्यातल्या भाच्याला त्यानं दुरुस्तीचा अर्धा खर्च उचलायची तयारी कळवली आहे. भाच्याचं उत्तर अजून आलेलं नाही. वहिनी घाटावर जात नाहीत, पण आळीच्या तोंडापर्यंत जातात, आणि भाजीवाली तिथंच बसते.

परवा त्याचा फोन आला. कृष्णेला पाणी चढलं होतं. दोन दिवस तो पायऱ्या मोजत होता. शेजारच्या आजोबांनी त्याला म्हणे समजावलं, "आता पायऱ्या मोजू नका. गणपतीच्या देवळात पाणी शिरलं असं कळलं, की गाद्या घेऊन वर आमच्याकडे या."